सोनुन आपांनी केलेला दंड

बुरुलने मला पहिल्यांदा काही मागितलं ते पाठमोरी उभी राहून, फळा पुसता पुसता. शाळा सुटली होती. नववीचा बाकीचा वर्ग वितळत्या बर्फाचा चिखल तुडवत घरी पळाला होता.

“एजे, मला दहावीत बसायचंय.” थोरल्या बहिणीला म्हणतात ते एजे आमच्याकडे शिक्षिकेलाही म्हणतात.

“मग बस. अडवलंय कुणी?”

“नारीनला जायचं ठरलंय. शिवणाच्या शाळेत. वसतिगृहात खाटसुद्धा बघून ठेवलीय.”

“तुला आवडतं शिवण?”

“मी शिवलेल्या उशीला दादा खोगीर म्हणतो.” फळा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी ती पुसत राहिली. “मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. परवा आडवं आलेलं कोकरू मी काढलं, कोपरापर्यंत हात घालून. दादा बाजूला उभा राहून नुसत्या सूचना देत होता.”

“मग हे घरी सांग ना.”

आता ती वळली. “कुणाला सांगू?” असं तिने खरोखरच, उत्तराच्या अपेक्षेने विचारलं. मग म्हणाली, “राग मानू नका एजे, पण हे तुमच्यामुळेच ठरलंय.”

राग मानण्यासारखं त्यात काही नव्हतं. खरंच होतं ते.

हा वर्ग माझ्या आईचा. पाचवीपासून तिने तो सांभाळला होता आणि अकरावीपर्यंत पोचवणार होती. शरदात ती गेली. तिच्या आजारपणासाठी मी बिश्केकहून आले होते, ती राहिलेच. चाळिसावा दिवस झाल्यावर मुख्याध्यापक मेदेर आगायांनी मला बोलावून तिच्या कपाटाची किल्ली टेबलावरून माझ्याकडे सरकवली. “वर्ग तुला ओळखतो,” ते म्हणाले. “तू वर्गाला ओळखत नाहीस. पहिल्या वर्षी हेच बरं असतं.”

ते तितकंसं बरं नसतं, हे वसंतातल्या पालकसभेत कळलं. नववीनंतर कोण शाळेत राहणार आणि कोण बाहेर पडणार, ते ठरवायची ती सभा. बुरुलबरोबर मी निरोप धाडला होता, “आईला पाठव.” आल्या दोघी. पुढच्या बाकावर पांढरा रुमाल बांधलेल्या सोनुन आपा, आणि मागे दाराशी, कोटही न काढता उभी असलेली एक तरुण बाई. तिच्या भुवया नाकावर जवळजवळ जुळलेल्या, अगदी बुरुलसारख्या. मी भर सभेत तिला म्हणाले, “तुम्ही बुरुलच्या आई ना? भुवयांवरूनच ओळखलं. तुमच्या मुलीला दहावीत ठेवायलाच हवं हं.”

सभा इतकी शांत झाली की एरबोलचे वडील, जे दर सभेला झोपतात, जागे झाले.

घरातलं पहिलं मूल आजी-आजोबांचं, हे काय मला माहीत नव्हतं? आमच्या गावात दर चार घरांत एक तरी असं असतं. बाळ जन्मतं, नाळ पडते आणि ते आजीच्या मांडीवर जातं ते कायमचं. आजीला ते आई म्हणतं, जन्मदात्या आईला वहिनी आणि बापाला दादा. दाराशी उभी होती ती एल्नुरा बुरुलची वहिनी आणि सोनुन आपा बुरुलची आई, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बुरुलला कुणी जन्म दिला हेही सगळ्या गावाला ठाऊक होतं. फक्त ते कुणी बोलत नाही. मी बिश्केकमध्ये असताना झालेलं हे मूल, त्यामुळे मला या घरातलं माहीत नव्हतं, आणि विचारायला आई नव्हती.

पुढचं मला बुरुलने सांगितलं, डस्टर हातात घेऊनच. सभेहून घरी आल्यावर सोनुन आपा म्हणाल्या, “आता तिची आई ठरवेल काय ते.” एल्नुरा म्हणाली, “मी कोण ठरवणार, मूल तुमचं.” आपा म्हणाल्या, “बाईंनी सांगितलंय ना कुणाचं ते.” एल्नुराने कणकेचा गोळा तसाच टाकून माफी मागितली. मग दोघी एकमेकींशी फार गोड वागू लागल्या. आमच्याकडे घरात असा गोडवा सुरू झाला की पोरं अंगणात जाऊन बसतात. त्या गोडव्यात आपा एक दिवस म्हणाल्या, एल्नुराची बहीण नारीनच्या शिवणशाळेत शिकवते, तर बुरुलला तिकडे धाडावं. एल्नुरा म्हणाली, तुमची इच्छा असेल तर माझीही आहे. झालं ठरून.

“तू काही बोलली नाहीस?”

“बोलले असते तर कुणाच्या बाजूनं बोलले असते?”

या प्रश्नावर मला पंधरा वर्षांच्या मुलीपुढे मान डोलवावी लागली.

तरी मार्ग होता. उन्हाळ्याआधी प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन यायचं, असा मेदेर आगायांचा दंडक आहे. अभ्यासात मागे पडणाऱ्यांना दुपारनंतर थांबवून शिकवायचं, आणि का थांबवलं ते घरी जाऊन सांगायचं. निरोपावर भागवायचं नाही. आई या भेटींना दिवसभराची भूक राखून जात असे. तिचा नियम होता, आधी खायचं, मग ऐकायचं, आणि आपलं म्हणणं दारात, जोडे घालताना मांडायचं. बसल्या जागी माणसं पाहुण्याशी बोलतात, उंबऱ्यावर मात्र खरं बोलतात, असं ती म्हणे.

माझं जोड्यांपर्यंत पोचणंच कठीण होऊन बसलं होतं. ज्या घरी जावं त्या घरी आई गेल्यानंतर मी पहिल्यांदाच येत असे, त्यामुळे बसले की सगळे तळवे उघडून तिच्यासाठी प्रार्थना म्हणत. एरबोलच्या घरीही हेच झालं. मी गेले होते तो शाळेच्या बॉयलरच्या मागे सिगारेट ओढतो हे सांगायला. त्याच्या आजोबांनी आईसाठी कुराणातली लांबलचक आयत म्हटली आणि रडले. बापाने डोळे पुसले. त्याच्या आईने सायीची बरणी माझ्या पिशवीत घातली. आता कुठल्या तोंडाने सिगारेटचा विषय काढणार? एरबोल दारात उभा राहून अतिशय सज्जन चेहऱ्याने माझे जोडे सरळ करून ठेवत होता. माझी आई गेल्याचा फायदा त्या वसंतात वर्गातल्या प्रत्येक उनाड पोराने घेतला. तिला हे आवडलं असतं, असं मला वाटतं.

सोनुन आपांच्या घरीही प्रार्थना झाली. त्यांनी ती मनापासून म्हटली, शेवटी चेहऱ्यावरून तळवे फिरवले, आणि मग घरात थंडी शिरावी तशा म्हणाल्या, “घ्या बाई, नान घ्या. तुम्ही शिकलेल्या, आमचं काय गोड लागणार तुम्हाला.” मला त्यांनी पाळण्यात पाहिलेलं. आजवर अगं-तुगं करत आल्या होत्या. समोर साय, तळलेले बोर्सोक, जर्दाळूचा मुरंबा मांडलेला. चहा एल्नुराने ओतला, आपांनी पेला तिच्या हातून घेतला, स्वतः काठोकाठ भरला आणि मला दिला. काठोकाठ पेला म्हणजे पी आणि नीघ. एल्नुराने खाली पाहिलं.

मी नेटाने प्यायले आणि पेला परत पुढे केला.

“बुरुल वर्गात चांगली आहे,” मी म्हणाले.

“तिच्या आईला सांगा.”

“तुम्हालाच सांगतेय, आपा.”

“मी म्हातारी. मला लिहिता येतं तेवढं माझं नाव. शिकणाऱ्यांनी शिकलेल्यांना विचारावं.” दुसरा पेलाही काठोकाठ आला.

“एल्नुरा, तुम्हाला काय वाटतं?”

“आपा म्हणतील ते,” एल्नुरा म्हणाली, आणि लगेच बोर्सोकची परात भरलेली असतानाही भरायला उठून गेली.

चौथ्या पेल्यानंतर माझ्याच्याने बसवेना. मला दारापर्यंत सोडायला एल्नुरा आली. मी एक जोडा घातला आणि आईच्या नियमाप्रमाणे दुसरा हातात घेऊन थांबले.

“तुमच्या बहिणीकडे पोर खूश राहील ना?” मी विचारलं.

“माझ्या बहिणीकडे?” तिने मागे पाहिलं आणि आवाज उतरवला. “एजे, माझी बहीण तिथं कंटाळून गेलीय. शिवणाचं नाव काढलं की तिचे दात दुखतात. मला तर वाटत होतं बुरुलने शिकावं, डॉक्टर व्हावं, जनावरांची का होईना. पण आपांच्या मनात नारीन आहे. जवळ पडतं, शनिवारी घरी येता येतं. त्यांच्या मनाविरुद्ध मी कशी जाऊ? एकदा दिलेलं मूल आहे ते. दिलेल्या वस्तूवरून डोळा फिरवला तरी लोक म्हणतात, मागायला आली.”

ऐकण्याच्या नादात हातातला जोडा उंबऱ्यावरच ठेवून मी एकाच जोड्यावर अंगण ओलांडते तोच आपांनी खिडकीतून मला हाक मारली. “बाई, जोडा.” तो आणायला म्हणून परत आले, तर त्या स्वतःच दारात आलेल्या. एल्नुरा विहिरीकडे गेली होती.

“चार पेले प्यालीस,” त्या म्हणाल्या. अगं-तुगं परत आलं होतं. “तुझी आई तीनवर थांबायची.”

“आपा, बुरुलला नारीनला पाठवायचं तुमच्या मनात आहे?”

“माझ्या मनात?” त्यांनी चौकटीला हात टेकवला. “ती गेली तर हे घर मला खायला उठेल. दहावी, अकरावी, दोन वर्षं तरी माझ्या डोळ्यांसमोर राहिली असती. पण तिची आई ती. बहिणीकडे ठेवावं, आपल्या माणसांत वाढावं, असं वाटत असेल बिचारीला. पंधरा वर्षं तोंड उघडलं नाही तिनं. आता तू उघडून दिलंस, तर मी काय ते बंद करू?”

“तिला तसं वाटत नसेल तर?”

“तर बोलली असती,” सोनुन आपा म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी बुरुलच्या बापाला फोन केला. तालांत त्याचं नाव; तो वरच्या कुरणात मेंढ्यांपाशी होता. वाऱ्यातून त्याचा आवाज तुटत तुटत येत होता.

“एजे, मी काय सांगणार? ती माझी बहीण लागते.”

“तुम्हाला स्वतःला काय वाटतं?”

“मला वाटतं तिनं शिवू नये.” वारा. “पण हे मी म्हटलं असं सांगू नका. आपांना वाटेल बायकोनं बोलायला लावलं, बायकोला वाटेल आपांनी.” मागे एक मेंढी जोरात ओरडली, आणि तालांतला सुटल्यासारखं वाटलं. “जातो हां, एजे. हिचं आडवं आलंय. बुरुल असती तर बरं झालं असतं.”

मी सगळं मेदेर आगायांना सांगितलं. ते गणिताचे. त्यांनी कागदावर काही न मांडता मनातच हिशेब केला. “म्हणजे मुलीला दहावी हवी, आईला हवी, दुसऱ्या आईला हवी, भाऊ म्हणवणाऱ्या बापालाही हवी. आणि पोर चाललीय शिवणाला.”

“हो.”

“पुस्तकांत असं असतं?”

“पुस्तकांत निदान एक तरी दुष्ट माणूस असतो, आगाय.”

“मग दोघींना एकमेकींचं सांगून टाक.”

“सांगितलं तर आपांना वाटेल सुनेनं माझ्यामार्फत मागणं केलं. एल्नुराला वाटेल तिची चुगली झाली. आणि दोघींची इच्छा तीच आहे हे कळलं, तरी पहिली कोण बोलणार हे उरतंच. पहिली बोलणारी दुसरीकडून मूल काढून घेणारी ठरते.”

आगायांनी भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली. “सोमवारी मला दहावीची नावं द्यायचीत,” म्हणाले. “आणि तू अजून माफी मागितलेली नाहीस.”

“कुणाची?”

“जिचा सभेत अपमान केलास तिची. तू सारखी पोरीबद्दल बोलायला जातेस. तुझ्या अपराधाबद्दल अजून कोण बोललंय?”

मी घरी जाऊन आईची पेटी उघडली. तिने कुणाकुणाला द्यायचे म्हणून घेऊन ठेवलेले रेशमी रुमाल त्यात घडी करून होते. निळा होता तो काढला. ती असती तर कुठला काढला असता, असा विचार करत बराच वेळ बसले, आणि मग निळ्याबरोबर तांबडाही घेतला.

रविवारी दुपारी मी सोनुन आपांकडे गेले, त्या घराच्या वरच्या, मानाच्या अंगाला बसल्या होत्या तिथपर्यंत गेले नाही, दाराजवळच गुडघे टेकले. अपराधी माणूस तिथेच बसतो.

“आपा, मी सभेत बोलू नये ते बोलले. जुन्या काळी याला घोडा आणि वर झगा असा दंड होता. माझ्याकडे घोडा नाही. हा रुमाल झग्याच्या जागी घ्या आणि घोड्याच्या जागी काय ते तुम्ही सांगा. जे सांगाल ते देईन.” मी निळा रुमाल त्यांच्या खांद्यावर ठेवला.

आपांनी तो चाचपून पाहिला. “रापियानं घेतलेला दिसतोय,” म्हणाल्या. रापिया माझ्या आईचं नाव. “तुझी निवड इतकी चांगली नाही.”

“नाही.”

“जे सांगीन ते?”

“जे सांगाल ते.”

“मेंढा सांगितला तर? पोसलेला.”

“शिक्षिकेचा पगार आहे, आपा. मेंढा मिळेल, पण पोसावा तुम्हाला लागेल.”

“कोंबडी देशील?”

“अंडी देणारी की नुसती?”

“बघ, दंड भरायला आलीय आणि घासाघीस करतेय.” त्या हसल्या नाहीत, पण रुमालाची गाठ बांधू लागल्या. एल्नुरा परात घेऊन आली होती ती तशीच उभी होती. मी तांबडा रुमाल तिच्यापुढे धरला.

“हे काय?” एल्नुरा म्हणाली.

“अपमान दोघींचा झालाय. एकीला नको ते मिळालं आणि दुसरीचं काढून घेतलं. माझे दोन अपराध, म्हणून दंडही दोघींनी सांगायचा. पण घोडा एकच देईन, दोन मला परवडायचे नाहीत.”

एल्नुराने रुमालाला हात लावला नाही, सासूकडे पाहिलं. आपा माझ्याकडे पाहत होत्या. त्यांचे डोळे लहान, वाऱ्याने आत गेलेले, आणि त्यातून काही सुटत नसे. मी काय मांडून ठेवलंय ते त्यांना दिसलं, आणि त्यांना दिसलं हे मला दिसलं. मुलीसाठी जे हवं ते आता दोघींपैकी कुणालाच दुसरीकडे मागावं लागणार नव्हतं. माझ्याकडून वसूल करायचं होतं.

“मी म्हातारी,” आपा सावकाश म्हणाल्या. “मेंढ्याच्या पुढं माझी अक्कल जात नाही. सून माझी शिकलेली आहे. सांग ग, काय घ्यायचं हिच्याकडून? आणि स्वस्तात सोडू नकोस. एवढ्या लोकांत बोलली ती.”

एल्नुराने परात खाली ठेवली. तिने तांबड्या रुमालाचा काठ बोटांत धरला. पंधरा वर्षं या घरात तिला बुरुलबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. आताही विचारलं नव्हतं. दंड विचारला होता.

“दोन वर्षं,” ती म्हणाली. “एजेंनी दोन वर्षं बुरुलला आपल्या वर्गात ठेवायचं. दहावी नि अकरावी. आणि संध्याकाळी थांबवून शिकवायचं. फुकट.”

“फक्त संध्याकाळी?” आपांनी विचारलं.

“शनिवारीसुद्धा.”

“रसायन?”

“रसायन मला येत नाही,” मी म्हणाले. “मी भाषा शिकवते.”

“ज्याला येतं त्याला पकडून आणायचं,” सोनुन आपा म्हणाल्या. “दंड आहे हा, बाई. तुला काय येतं ते कोण विचारतंय?” मग सुनेकडे वळून म्हणाल्या, “लेक माझी, तेव्हा दंड मी सांगायचा होता, पण तू बरोबर सांगितलंस. मी म्हटलं असतं, तर शनिवार राहून गेला असता.”

एल्नुरा एकदम खाली बसली आणि घाईघाईने चहा ओतू लागली. बराचसा बशीत गेला. आपांनी तिच्या हातातली किटली काढून घेतली नाही, नुसती बशी थोडी पुढे सरकवली.

सोमवारी मेदेर आगायांनी दहावीत बुरुलचं नाव घातलं, आणि रसायनाच्या बाईंना बोलावून त्यांच्यावर माझा दंड कसा आला ते समजावलं. त्या माझ्याशी आजही बोलत नाहीत.

पण ते नंतरचं. त्या रविवारी मी निघाले, तेव्हा बुरुल फाटकाशी कुत्र्याला धरून उभी होती. कोंबड्यांना दाणे घालायला म्हणून ती बाहेर गेली होती आणि सगळा वेळ खिडकीखालीच होती, हे तिच्या दोन्ही गुडघ्यांवरच्या चिखलावरून कळत होतं. कोंबड्या उपाशीच होत्या.

“एजे, दोन वर्षं म्हणजे पूर्ण? की मेंढ्या विण्याच्या दिवसांत सुट्टी मिळेल?”

“मला काय विचारतेस? दंड मला झालाय. ज्यांनी केलाय त्यांना विचार.”

“कुणाला?”

“दोघींना. एकदमच विचार.”

तिने घराकडे पाहिलं. आतून दोघींचे आवाज येत होते. गोडवा पार ओसरला होता. मेंढा घेतला असता तर निदान हिवाळ्याचं मांस झालं असतं, असं सोनुन आपा म्हणत होत्या, आणि एल्नुरा, मी गावात परत आल्यापासून तिचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता, त्यांना सांगत होती की शिक्षिकेनं पाळलेला मेंढा म्हणजे नुसती लोकर असती, आपा, नुसती लोकर.

बुरुलने कुत्रा सोडला, बाह्या वर केल्या आणि आत गेली.